अबोला जिच्याशी, माझा दोर तिच्याच हातात

मंडळी, घरी येऊन बूटही काढले नाही, आधी हे लिहिते.

आज कॉलेजच्या ग्रुपसोबत रामटेककडच्या एका कड्यावर रॅपलिंगला गेलो होतो. दोराने पाठमोरं खाली उतरायचं. सुरक्षेचा दुसरा दोर खाली उभा असलेला जोडीदार धरतो. सरांचा नियम एकच: जोडीदाराचं नाव घेऊन विचारायचं, उत्तर आलं की मगच मागे झुकायचं.

माझी जोडीदार निघाली प्रणाली! गॅदरिंगच्या नाटकातून तिने मला वगळलं, तेव्हापासून आमचा अबोला. एकाच बाकावर बसतो आणि निरोप तिसरीकडून पाठवतो.

कड्याच्या टोकावरून मी म्हटलं, "सर, तिले विचारा ना, दोर धरला का?"

सर म्हणाले, "मी पोस्टमन नाही. नाव घे, नाहीतर बस इथंच."

मागे अख्खी रांग हसून राहिली होती. एकदा खाली बघितलं, एकदा सरांकडे. शेवटी ओरडलेच, "प्रणाली, धरला का वं?"

खालून लगेच आवाज आला, "केव्हाची धरून राहिली! ये ना तू!"

झुकले आणि उतरले, न थांबता! खाली पोचून बघते तर दोर घट्ट धरून तिचे तळवे लालबुंद झालेले. मी हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. "जाय वर, प्रणाली. आता मी धरते."

खरं सांगा, तुम्ही कोणाचं नाव घ्यायचं टाळून राहिले? कदाचित तिकडे दोर केव्हाचा धरलेला असेल.