उणे पाच अंश

माझा नवरा पद्माकर. नाव घेऊनच लिहिते, उखाण्याची वाट पाहायला मी काही नवी नवरी नाही. बोटींवरचे फ्रीझर आणि थंड कंटेनर सांभाळायचं त्याचं काम. मासळी असो की मटण, त्याच्या ताब्यात असताना खराब व्हायची बिशाद नव्हती. जितकं थंड तितकं टिकतं, एवढा एकच धर्म त्याला ठाऊक. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमधल्या फ्रिजचं बटणही कायम सातावर. कोथिंबीर काढावी तर कडकड मोडायची. मी बटण तीनावर आणायची, हा गुपचूप पुन्हा सातावर न्यायचा.

त्र्याण्णव साली एका मदत संस्थेचा कंटेनर त्याच्याकडे आला. आत धनुर्वाताची लस होती, कंबोडियातल्या गरोदर बायकांसाठी. तिथली लढाई नुकती थांबलेली. दवाखाने मोडलेले, वीज नाही, बाळंतपणं घरातच जमिनीवर. बोट संध्याकाळी पाचला सुटणार होती. दुपारी पद्माकर जेवायला आला तो खुशीतच.

"त्यांनी पाच अंश लिहून दिलं होतं. मी कालच उणे पाचवर नेलं. तिकडे वीज नाही, गारवा पुरायला नको?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. लग्नाआधी मी मिरजेला नर्स होते. ही लस गोठली की मेली. वितळल्यावर दिसते पहिल्यासारखीच, पण टोचून उपयोग काही नाही. मी हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून नीट ऐकू लागला. बाटली हलवून अर्धा तास ठेवायची, गाळ खाली बसला तर लस गेली, हेही मी सांगितलं.

त्याने घास ताटात ठेवला. "कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही. ज्या बाईला टोचतील तिलाही नाही. बाळंतपणानंतर आठवड्याने बाळाची दातखीळ बसेल, दूध ओढता येणार नाही. ती नशिबाला बोल लावेल."

तो हात धुऊन निघून गेला. काय करणार, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. नोकरी गेली की इथे राहायचा पास जाणार, पास गेला की गाशा गुंडाळायचा. आमच्या लेकीची, इराची, सहावीची परीक्षा चार महिन्यांवर होती. मोठ्या तोंडाने मीच त्याला शिकवलं होतं, पण खोटं कशाला सांगू? तो गेल्यावर मनात सारखं येत होतं, आता गप्प बस रे बाबा. मिरजेच्या दवाखान्यात पाहिलेलं धनुर्वाताने ताठलेलं एक बाळ मग डोळ्यांपुढे यायचं आणि माझी मलाच किळस यायची. घड्याळात पाच वाजले, तेव्हा मी उगाचच भांडी पुन्हा घासत होते.

तो साडेसहाला आला. साहेब आणि संस्थेच्या बाईंना त्याने स्वतःच सांगितलं होतं. दहा बाटल्या हलवून तिघं अर्धा तास टेबलाशी बसले होते.

"नऊ बाटल्यांत गाळ बसला," तो म्हणाला. "बोट लस न घेता गेली. मला उद्यापासून येऊ नको म्हणाले."

मला रडू आलं. सुटकेचं की भीतीचं, ते आजही सांगता येणार नाही. दुपारचं ताट झाकून ठेवलं होतं, ते गरम करायला घेतलं. पाणी घ्यायला त्याने फ्रिज उघडला. बाटली न काढता तो तसाच उभा राहिला. मग हात आत घालून त्याने बटण तीनावर आणलं.