ताईच्या गाईचा भाव

गुरांच्या बाजारात त्याला सगळे ‘अंदाजे’ म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. दर आठवड्याला बाजार उठला की फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर तो जनावरांचे भाव खडूने लिही आणि प्रत्येक ओळीची सुरुवात ‘अंदाजे’ने करी.

दुसरं लिहिणार तरी काय? सौदा व्हायचा तो रुमालाखाली, बोटं दाबून. नंतर विचारावं तर विकणारा भाव फुगवून सांगे, शेजारी जळावा म्हणून. घेणारा उतरवून सांगे, घरी बोलणी खायला नकोत म्हणून. अंदाजे दोन थापांच्या मधोमध खडू टेकवी, आणि लोकांना ती काळ्या दगडावरची रेघ वाटे. त्याने ‘तेजी’ लिहिलं की पुढच्या बाजाराला जो तो जनावर घेऊन हजर. गर्दीने भाव कोसळत. ‘मंदी’ लिहिलं की कुणी दावं सोडेना, आणि आलेल्या चार जनावरांवर उड्या पडत. आपण भाव सांगतो, की भाव आपलं ऐकून मुद्दाम उलटं वागतो, हे त्या बिचाऱ्याला कधीच उमगलं नाही.

त्यातून ताईचं प्रकरण. ही त्याची थोरली बहीण, नवऱ्यामागे एकटी, सोबतीला एक दुभती गाय. मध्यंतरी ताई गोठ्यात घसरून पडली, ती दूध न्यायला माणूस येईपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून अंदाजेच्या जिवाला घोर. तिने आपल्याकडे राहावं, एवढंच त्याला हवं होतं. ताई म्हणाली होती, “गाईचं काय ते होऊ दे, मग बघू.”

बाजाराच्या संध्याकाळी तिचा फोन यायचा.

“काय रे, कसा आहे बाजार?”

“चढलाय, ताई. विकून टाक.”

“चढलाय तर अजून चढेल. थांबते.”

पुढच्या वेळी तो म्हणाला, “उतरलाय.” त्यावर ती, “मग पडत्या भावात कोण विकतं?” त्याने ‘स्थिर’ सांगून पाहिलं, तर “मग घाई कसली?” तेजी नाही, मंदी नाही, स्थिरही नाही. चौथा प्रकार काही त्याच्या फळ्यावर नव्हता.

“अहो, जाऊन विचारा तरी, किती हवेत त्यांना,” बायको वैतागून म्हणाली.

तो गेला. ताई धार काढत होती, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर.

“ताई, किती आले म्हणजे देशील?”

तिने मान वर केली नाही. “दर आठवड्याला गाईचा भाव सांगतोस. ‘ताई, ये’ असं एकदा तरी म्हणालास?”

अंदाजे गोंधळला. “विकून टाक म्हणजे तेच ना?”

“ते गाईबद्दल झालं.”

त्याला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. “ये, ताई,” तो म्हणाला.

“आणि ही?”

घरामागच्या पत्र्याखाली त्याची स्कूटर उभी असायची. तेवढीच काय ती जागा. “हीसुद्धा.”

“अंदाजे सांगतोस की नक्की?”

“नक्की.” हा शब्द त्याच्या तोंडून निघाला, याचं त्यालाच नवल वाटलं.

गाय घेऊन येताना दोन व्यापाऱ्यांनी त्याला पाहिलं. भाव लिहिणाराच गाय घरी नेतोय, म्हणजे जबर तेजी येणार, अशी बातमी फुटली. भाव चढेपर्यंत थांबू म्हणून पुढच्या बाजाराला कुणी जनावर आणलंच नाही. रिकाम्या मैदानाचा भाव काय लिहावा, हे न कळून तो खडू हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि फळा कोरा ठेवून घरी आला. उन्हात तापलेली स्कूटर दारात होती, पत्र्याखाली गाय रवंथ करत होती आणि ताई पायरीवर बसली होती.

“काय रे, कसा आहे बाजार?” तिने विचारलं.

आता ही नेमकं काय विचारतेय? एकदा फसलेला माणूस. त्याने विषाची परीक्षा घेतली नाही.

“ताई, तू इथेच राहायचंस,” तो घाईघाईने म्हणाला. “कायमचं.”

“अरे, राहतेच आहे,” ताई म्हणाली. “मी बाजाराचं विचारतेय.”