उंदराच्या डोक्यातली तार

सत्तरच्या दशकात मी परभणीला प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र शिकत होते. आमच्या सरांनी एका पांढऱ्या उंदराच्या मेंदूत केसासारखी बारीक तार बसवली होती. पिंजऱ्यातला पिवळा दिवा लागला की उंदरानं दांडी दाबायची. मग त्या तारेतून क्षणभर वीज जायची. "तिथल्या पेशींना सुख होतं," सर सांगायचे. उंदरावर लक्ष ठेवायचं काम माझं.

उंदीर दांडी सोडीना. शेजारी ठेवलेले भिजवलेले हरभरे तसेच वाळून जायचे. बरगड्या दिसायला लागल्या, पुढचे पाय सोलवटले, तरी दाबणं चालूच. खोलीवर जेवायला बसले तरी दांडीची ती टकटक माझ्या कानात असायची.

त्याच सुमारास आई पाथरीहून एस.टी.नं मला भेटायला आली. माझा धाकटा भाऊ वडिलांशी भांडून निघून गेला होता. त्याचा ठावठिकाणा नव्हता आणि आईला घरात बसवत नव्हतं. मी तिला प्रयोगशाळेत नेलं. उंदीर मरेल म्हणून सरांनी सकाळीच तार सोडवली होती. आता नुसता दिवा लावून तो काय करतो ते बघायचं होतं.

मी दिवा लावला. उंदीर धडपडत दांडीपाशी गेला. दाबली, पुन्हा दाबली. मग तोंड वर करून दिव्याकडं बघत थांबला.

"काय बघायलाय त्यो?" आईनं विचारलं.

"त्याला वाटतंय, आता मिळंल."

"आन् मिळत न्हाई?"

"न्हाई. तार सोडवली."

आई पिंजऱ्यापाशी वाकली. मग म्हणाली, "मी बी अशीच बघते गं. फाटक वाजलं की."

मी घाईनं दिवा बंद केला.

पुढे उंदीर हरभरे खाऊ लागला, अंगानं भरला. दिवा लावला तरी कोपऱ्यातून हलेना. सर म्हणाले, "विसरला." मला ते पटलं नाही. बऱ्याच वर्षांनी वाचलं, की त्या पेशी सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीनंच जास्त जाग्या होतात, आणि चाहूल खोटी ठरली की गप्प बसतात. मी पुस्तक मिटून ठेवलं.

भाऊ परत आला तो माझं शिक्षण चालू असतानाच, एका उन्हाळ्यात, भर दुपारी. मी सुट्टीला घरी होते. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं दारातून हाक मारली. आईनं मान वळवली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. तिचे हात थांबले नाहीत.

मी तिचा खांदा हलवला. "आई, ऐक की!"

"ऐकायलेय की," ती शांतपणे म्हणाली. "रोजच ऐकू येतंय मला. तू नको लक्ष देऊ."

भाऊ आत येऊन तिच्याजवळ बसला. तिनं पिठाचा हात त्याच्या तोंडावरून फिरवला, पण डोळे तव्यावरच ठेवले. बघितलं तर तो तिथं नसेल, अशी भीती तिला वाटत असावी.