पंखा थांबला की टाळ्या

देगलूरपासून लातूरपर्यंतच्या सगळ्या टापूत चालू यंत्र बंद पडलं म्हणून टाळ्या वाजवणारा माणूस एकच, आमच्या गल्लीतले सोलरवाले मामू. कुणाच्या छतावर पॅनल बसले की घरमालक नारळ हातात घेऊन दिवा लागायची वाट बघतो. मामू मात्र त्यालाच बाहेरच्या विजेचा मेन स्विच पाडायला लावणार, "एक, दोन" मोजणार आणि पंखा मंदावला की दारात वरात आल्यागत टाळ्या पिटणार. "एवढं ऊन असून अंधार?" म्हणत निलंग्याच्या एका आडत्याने त्यांना जवळजवळ हाकललंच होतं. "बाहेरची लाइन गेली की सोलरनं बी गप बसायचं," मामू त्याला म्हणाले, "न्हाईतर तुमची वीज उलटी खांबावर जाती. तिथं कुणाचा तरी लेक चढलेला ऱ्हातो." आणि चहा न घेता, पण चाचणी करूनच उठले.

माझ्या छतावरचं सोलरही मामूंनीच बसवलेलं, तरी मलाही हे खूळच वाटायचं. उन्हाळ्यात जीव नकोसा झाला तेव्हा मी मामूंच्या चोरून दुसऱ्या एका कारागिराकडून सोलरच्या इन्व्हर्टरमधलं ते आपोआप बंद पडणं काढून टाकलं. गल्लीत लाइट नसताना माझा पंखा फिरायचा आणि मी नवाबासारखा लोळायचो. मग एका दुपारी वाऱ्याने आमच्या घराची वायर खांबापाशी तुटली. वायरमन गल्लीची वीज बंद करून खांबावर चढत होता आणि मामू माझ्याकडे बशीत चहा ओतत होते. त्यांनी वर पाहिलं. "गुरुजी, लाइन गेलेली हाय आन् पंखा फिरून राहिला?" मी हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. बशी तिथंच फुटली. एरवी गुडघे धरून चालणारा तो माणूस रस्त्यात धावत ओरडला, "हात लावू नको रे! उतर खाली!" वायरमनचा हात वायरीपासून वीतभर होता. टेस्टर लावला, तर तुटक्या टोकात माझ्याच घरची वीज.

मामूंनी इन्व्हर्टर पहिल्यासारखा केला, वायर जोडून झाल्यावर सगळी गल्ली घरात बोलावली आणि स्विच मला पाडायला लावला. "एक, दोन..." पंखा थांबला. अख्खी गल्ली टाळ्या पिटत होती, सगळ्यात जोरात तो वायरमन.

आता मामू लातूरला लेकाकडे असतात; छतावर चढवत नाही. इथं लाइट गेली की मी घामाघूम होऊन एकटाच टाळ्या वाजवतो आणि फोन लावतो, "मामू, बंद पडला!"

"मुबारक, गुरुजी." मग विचारतात, "खांबावर कोण चढलंय, बघा बरं."

मी फोन कानाला धरूनच बाहेर बघायला जातो.