दोन वायरी, एकच स्विच

वायरवाले काका कटकटे आहेत असं सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. सर्व्हर रूममध्ये येणाऱ्या प्रत्येक नोडला, म्हणजे आकडेमोड आणि साठवण दोन्ही एकटीने सांभाळणाऱ्या पेटीला, ते दोन वायरी जोडत. निळी वरच्या नेटवर्क स्विचला, पिवळी खालच्या. एक स्विच गेला तरी पेटी बोलती राहिली पाहिजे. काम सुरू होण्याआधी ते दोन्ही स्विच आळीपाळीने बंद करून बघत, तेव्हाच त्यांच्या जिवाला स्वस्थता.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचा फोन यायचा तो आईला. काका शेजारी पेपर धरून बसत आणि कानांतून एक शब्द निसटू देत नसत. "यांना सर्दी झालीय," बायको तिकडे सांगे. "मफलर बांधा म्हणतेय," इकडे कळवे. बाप-लेकीचं असं छान चाललं होतं.

मग बायको गेली. मुलीचे फोन आधी विरळ झाले, नंतर थांबले. काकांना लेकीच्या आवाजाची फार ओढ लागे. फोन हातात घेत आणि पुन्हा फळीवर ठेवत. सुरुवात कशी करतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं, ती नेहमी बायको करायची.

एका दुपारी त्यांनी वरचा स्विच बंद केला आणि नवी पेटी मुकी झाली. सोबत काम करणारीने मागे वाकून पाहिलं.

"काका, दोन्ही वायरी वरच्याच स्विचमध्ये खोचल्यात की तुम्ही." तिने हसू दाबलं. "दिसायला दोन, पण वाट एकच."

काकांनी पिवळी वायर खाली लावली, पुन्हा तपासलं आणि ते बाहेर जिन्यात गेले. तिथून मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं?" ती घाबरलीच. आई गेल्याचं सांगायला केला होता, तेवढाच त्यांचा एक फोन.

"काही नाही गं. तुझा आवाज ऐकायचा होता."



"मलाही ऐकायचा असायचा तुमचा," ती म्हणाली. "पण आई नसताना तुमच्याशी काय बोलायचं तेच कळायचं नाही."

काका पायरीवर बसले.

"मला ना," ते म्हणाले, "सर्दी झालीय."