बिनकारणाची केटी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरात नापास झाले, त्याला काहीही कारण नव्हतं. घरात कोणी आजारी नव्हतं, कोणी गेलं नव्हतं, कॉलेजही फार लांब नव्हतं. गासहून एसटीने वसईला पोचायला जेमतेम पाऊण तास लागायचा. आमची वाडी होती, केळीची आणि मोगऱ्याची. आई पहाटे फुलं काढायला उतरायची, पण आम्हा दोघी बहिणींना तिने अभ्यास सोडून कधी वाडीत बोलावलं नाही. मी अभ्यास केला नाही, एवढंच. वर्गात मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानांवर रांगोळीचे ठिपके काढत राहिले, आणि परीक्षा तोंडावर आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. केटी लागली. पुढच्या वर्षी तो पेपर सुटला, सेकंड क्लासची डिग्री हातात आली. विषय मिटला असं मी धरून चालले.

डिग्रीनंतर नोकरी शोधत असताना कळलं की वसई पूर्वेला, सातिवलीच्या रस्त्यावर, दातांच्या एका डॉक्टरबाईंना मदतनीस हवी आहे. चार महिन्यांसाठी म्हणून गेले आणि अडीच वर्षं राहिले. अवजारं उकळायची, दातांचं माप घ्यायची पावडर कालवायची, प्लॅस्टरचे साचे ओतायचे, पेशंटच्या तोंडात लाळ ओढणारी नळी धरून उभं राहायचं. येणारे बहुतेक लोक सातिवलीच्या गाळ्यांमधले कामगार. दाढ सुजून गाल कानापर्यंत आला की मगच यायचे.

त्यातला एक मला अजून दिसतो. प्रेस मशीनवरचा माणूस, पन्नाशीचा. तीन दिवस झोपला नव्हता. पण खुर्चीत बसायला तयार नव्हता. दाराची चौकट धरून उभाच. डॉक्टरबाई आतल्या पेशंटमध्ये गुंतल्या होत्या. मी प्लॅस्टरचा एक जबडा उचलला आणि त्याच्यासमोर धरून दाखवलं की किडलेली दाढ ही, तिची मुळं अशी दोन खाली उतरतात, पू इथे साठलाय, इंजेक्शन इथे देतात आणि त्यानंतर ओढ कळते पण दुखत नाही. तो बराच वेळ त्या साच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोनच मुळं?"

"या दाढेला दोनच."

तो येऊन खुर्चीत बसला. दाढ निघाली. तो गेल्यावर हात धुताना डॉक्टरबाईंनी मागे न बघताच विचारलं, "बारावीला काय केलंस गं तू? या लाइनला का नाही आलीस?"

"मार्क कमी पडले."

"किती होते?"

मी सांगितले. त्या "हं" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आणखी काय बोलणार? आपल्याकडे दातांचं डॉक्टर व्हायचं की नाही हे बारावीचा निकाल ठरवतो. माझं वय तेव्हा तेवीस. मला नेमकं काय करायचं होतं हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याची वेळ पाच वर्षांपूर्वीच होऊन गेली होती.

पुढे लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेला गेले. तिथे पहिल्या हिवाळ्यात, करायला काहीच नसताना, गावातल्या लायब्ररीत एक जाडजूड माहितीपुस्तक चाळताना वाचलं की तिथे दातांच्या कॉलेजात लोक आधी डिग्री घेऊन मग जातात. मी ते पान दोनदा वाचलं. मग जवळच्या सरकारी कॉलेजातल्या एका सल्लागार बाईंची वेळ घेतली आणि गुणपत्रिकांची फाइल छातीशी धरून त्यांच्यासमोर जाऊन बसले.

त्यांनी एकेक कागद नीट पाहिला. केटीवर बोट ठेवून थोड्या थांबल्या. म्हणाल्या, "तुमचे परदेशातले गुण इथल्या सरासरीत धरत नाहीत. कॉलेजं ते वाचतील, पण जीपीएचा आकडा निघेल तो तुम्ही इथे घेतलेल्या विषयांवरूनच. डिग्री झाल्यावर पुन्हा घेतलेले विषय अर्जात डिग्रीच्या विषयांसारखेच मोजतात. तुमच्याकडे इथले जुने विषय नाहीतच. म्हणजे हे नवे विषय हीच तुमची सगळी सरासरी."

मी घरी आले ती हवेतच. कोरी पाटी मिळाली होती. बायॉलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच सत्रात मी मुद्दाम ऑरगॅनिक घेतलं, जुनं उट्टं काढायचं म्हणून. आणि त्यात मला सी मिळाला.

या वेळी अभ्यास केला होता, अगदी भरपूर. पण प्रयोगशाळेतल्या सूचना डोक्यात शिरेपर्यंत बाकीचे अर्ध्यावर पोचलेले असायचे, पेपर सोडवताना वेळ पुरायचा नाही, आणि शंका विचारायला मी हात वर केला नाही, कारण माझं इंग्रजी सगळ्यांना ऐकू जाईल. पुढच्या सत्रात तोच विषय पुन्हा घेतला. पहिल्या बाकावर बसले, रोज हात वर केला. ए मिळाला. धावत सल्लागार बाईंकडे गेले.

"छान," त्या म्हणाल्या. "पण सी जात नाही हं. अर्जाच्या हिशेबात दोन्ही वेळचे धरतात."

ए म्हणजे चार, सी म्हणजे दोन. माझी समजूत होती की दोनाचे चार झाले. प्रत्यक्षात दोन आणि चारची सरासरी तीन झाली होती. ज्यांच्या पाठीशी चार वर्षांचे चाळीस विषय असतात त्यांचा एक सी त्यांत विरघळून जातो. माझ्या आठ विषयांत तो ठळक दिसत होता.

अर्ज भरायच्या वर्षी उन्हाळ्यात मी गासला आले. विद्यापीठाकडून गुणपत्रिकांच्या शिक्क्याच्या प्रती हव्या होत्या आणि डॉक्टरबाईंचं शिफारसपत्र हवं होतं. पत्र त्यांनी तिथल्या तिथे, पेशंट थांबवून, हाताने लिहून दिलं. अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि गासमध्ये इंटरनेट नव्हतं. ताई लग्नानंतर विरारला फुलपाड्यात राहायची, तिच्या इमारतीच्या खालीच एक सायबर कॅफे होता. मी आठवडाभर तिच्याकडे मुक्काम टाकला. दोन दिवसांनी आईही आली, आंब्यांची पिशवी घेऊन.

सगळे रकाने भरून झाले आणि एक उरला. शिक्षणात कुठे खंड पडला असेल किंवा गुण घसरले असतील, तर त्याचं स्पष्टीकरण लिहा. मी तो रकाना कागदावर उतरवून वर घेऊन आले आणि ताईला वाचून दाखवला.

ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "यात काय एवढं? आई आजारी होती म्हणून लिही. त्यांना काय कळणार आहे?"

"आई कुठे आजारी होती?"

"अगं, सगळे असंच लिहितात. आमच्या ऑफिसात एकीच्या भाच्याने..."

आई आंबे एकेक करून दाबून बघत होती. घरात आम्ही आमच्या गावच्या बोलीत बोलतो. तिचं बोलणं इथे साध्या मराठीत लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही की. माझी काही हरकत नाही. तसंही मी तेव्हा सगळ्यांना तेच सांगितलं होतं."

मला कळेना. "काय सांगितलं होतंस?"

"हेच, की माझी तब्येत बरी नव्हती, पोरीला घरात राबावं लागलं, म्हणून पेपर राहिला."

"कोणाला?"

"सगळ्यांना. तुझ्या काकीला, मामाला, शेजारी. तुझा निकाल लागला आणि जो तो विचारायला लागला. मी काय सांगणार? काकी तर बघायला आली शहाळी घेऊन. मग दोन दिवस पडून राहावं लागलं मला."

ताई हसायला लागली. आईही हसली. ते दोन दिवस मला आठवले. मी कॉलेजातून आले तर आई खाटेवर, अंगावर चादर, उशाशी शहाळी. मी विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, "जरा कणकण आहे." जी बाई तापातही फुलं काढायला जायची, ती दिवसाउजेडी झोपली होती आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मी बाहेर ओटीवर बसून पेरू खात होते.

मला हसू आलं नाही. लाज वाटली, आणि नापास झाले होते तेव्हा वाटली होती त्याहून जास्त. तेव्हा मला वाटलं होतं की माझ्या केटीने कोणाचं काही बिघडलं नाही. इथे माझी आई माझ्यासाठी खोटं बोलली होती आणि ते निभावायला दोन दिवस खाटेवर पडून राहिली होती. त्या दोन दिवसांची फुलं कोणी काढली असतील?

"मी नाही लिहिणार तसं," मी म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटी ठरले का?"

"तसं नाही गं."

"मग कसं? मी स्वतः सांगते आहे ना, लिही म्हणून."

मला तिला समजावता आलं नाही. खरं तर स्वतःलाही धड समजावता येत नव्हतं. फार तत्त्वाची म्हणून मी तसं करत नव्हते. मला फक्त एवढंच वाटत होतं की तिला पुन्हा एकदा त्या खाटेवर झोपवायचं नाही. दुपारी खाली कॅफेत जाऊन मी चार वाक्यं लिहिली. की दुसऱ्या वर्षाला मी एका पेपरात नापास झाले. घरची कुठलीही अडचण नव्हती. मी अभ्यास केला नाही, कारण शिकून काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. नंतर एका दवाखान्यात काम करताना ते कळलं. कॅफे चालवणाऱ्या बाईंनी प्रिंट काढून दिली, वाचलीही असावी, कारण कागद देताना म्हणाल्या, "एवढं खरं कशाला लिहिता, मॅडम?"

नऊ कॉलेजांना अर्ज गेले आणि मी अमेरिकेला परतले. एकाही कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही.

शेवटचं नकाराचं पत्र आलं त्या रविवारी मी घरी फोन केला. आई हळूच म्हणाली, "आजारी म्हणून लिहिलं असतंस तर..." पुढचं तिने गिळलं. तिचंच बरोबर असेल, असं त्या दिवशी मला खरोखर वाटलं होतं.

नवरा म्हणाला, विचार तरी, का नाही म्हणाले. मी नऊपैकी तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी काही सांगता येत नाही म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी माझी फाइल काढून आणली. त्या म्हणाल्या, अडचण त्या एका सीची नाही. तुमचे इथले विषय इतके थोडे आहेत की सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. आणखी विषय घ्या, वरच्या पातळीचे, आणि पुढच्या वर्षी या.

मी आणखी एक वर्ष घेतलं. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, शरीरशास्त्र. ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री उमगत नाही, आणि ती मला उमगत होती, हे पाहून माझं मलाच नवल वाटायचं. आकडा हळूहळू वर सरकला. एकेका चांगल्या विषयाने तो किती कमी हलतो हे मी त्या वर्षी शिकले. सी तिथेच होता. त्याच्या बाजूची गर्दी तेवढी वाढली होती.

दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. मुलाखतीत एका वयस्क प्राध्यापकांनी माझा अर्ज समोर ठेवला. मला वाटलं, आता केटी निघणार, आणि मी तयारी करून गेले होते. त्यांनी विचारलं ते पहिल्या सत्रातल्या सीबद्दल. "त्या सत्रात आणि पुढच्या सत्रात तुम्ही वेगळं काय केलंत?"

"हात वर केला," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. वसईच्या त्या नापासाबद्दल दोन्ही ठिकाणी कोणी एक शब्द विचारला नाही. माझी चार वाक्यं कोणी वाचली की नाही हे मला आजही माहीत नाही. प्रवेश मिळाला, तो कशामुळे मिळाला हे पत्रात लिहिलेलं नसतं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी आजारी असते काय आणि नसते काय!" आणि मनापासून हसली. त्या दिवशी मलाही हसता आलं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा मी वर्गात बहुतेकांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी होते. पहिल्या सत्राचा निकाल भिंतीवर लागला, गर्दी ओसरल्यावर मी जाऊन बघितला. ना फार वर, ना फार खाली. या कॉलेजातली सरासरी आता या आकड्यापासून मोजली जाणार होती, आणि तिच्यातूनही काही पुसलं जाणार नव्हतं. मी आकडा वहीत लिहून घेतला आणि प्रयोगशाळेत गेले. दुपारी मेणाची दाढ कोरून द्यायची होती आणि माझी अजून अर्धी व्हायची होती.