शालिकरामचा तेरावा हात

राजेगावहून बालाघाटकडे जाताना डावीकडे, धानाच्या बांध्यांत, एक लहानसं गाव आहे. शालिकराम तिथले सरपंच झाले सन छप्पनमध्ये. त्याच साली राज्य बदललं, नागपूरचे कागद बंद होऊन भोपाळचे हिंदी कागद येऊ लागले. सरपंच मात्र पंधरा वर्षं तेच राहिले.

पंच आपल्यातूनच सरपंच निवडत, हात वर करून. शालिकरामनी स्वतःच्या नावाला कधी हात वर केला नाही. पंगतीत आपणच आपल्याला आग्रह करावा, तसं ते त्यांना वाटे. गरजही पडली नव्हती. विरोधात कोणी उभंच राहत नसे.

एकाहत्तरात राईस मिलवाले भोजराज उभे राहिले. तेव्हा बौद्ध मोहल्ल्यातली नवी विहीर तीस फुटांवर खडकाला अडली होती. उकव्याच्या खाणीतले सुरुंगवाले आणायचं शालिकरामनी ठरवलं होतं. भोजराजना आधी मिलकडे जाणारा रस्ता हवा होता.

पंच तेरा. भोजराजच्या नावाला सहा हात उठले, त्यांत एक त्यांचा स्वतःचा. शालिकरामच्या नावालाही सहाच. हात मांडीवर ठेवून बसलेले एकटे शालिकराम उरले.

मोहल्ल्याचे पंच हिरालाल त्यांच्या कानाशी लागले. "सरपंचजी, हात उचला ना!"

"आपल्याच नावाले? लाज नाही वाटन मले?"

"लाज घरी गेल्यावर वाटू द्या जी!"

"शालिकरामजी, आपका हाथ?" निवडणूक अधिकाऱ्यानं विचारलं.

हात उठला नाही. चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं भोजराजचं.

बाहेर हिरालालनी त्यांना अडवलं. "तुमची लाज राह्यली जी. आमच्या बायका नाल्यावरच राह्यल्या."

 तिसऱ्या दिवशी शालिकराम भोजराजच्या ओसरीवर जाऊन बसले. जन्मात कोणाच्या दारी काही मागायला गेले नव्हते.

"त्या विहिरीचं पाह्य, बाबू."

"पाहू ना, काकाजी. चहा घ्या."

चहा झाला, काम झालं नाही. मग ते दर सोमवारी जाऊ लागले.

"मिलमंधी नोकरी लागली का तुमाले?" त्यांच्या पत्नी दुर्गाबाई विचारत.

"हौ. बिनपगारी."

चौदा महिन्यांनी वैतागून भोजराजनी सही केली. उकव्याची माणसं आली, खडक फुटला, चौथ्या दिवशी कमरेएवढं पाणी चढलं. विहिरीवरच्या दगडात नाव भोजराजचं कोरलं गेलं.

हिरालालनी पहिली घागर शालिकरामच्या घरी पाठवली. त्या घरात मोहल्ल्याचं पाणी आजवर आलं नव्हतं.  दुर्गाबाईंनी ती घागर उचलून आत नेली आणि त्या पाण्यात भात शिजवला.